घरगुती संगणक आणि त्याचे हौशी कारागीर



यंत्रांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे कारखानदारांची चरित्रे सांगावयाची, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत तो खराही आहे. आगगाडी कोणी परसदारी जोडली नाही, की कापडाची गिरणी कोणी माजघरात उभारली नाही. परंतु आज आपल्या घराघरांतून जो संगणक नांदतो आहे, त्याची कुळकथा निराळी आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी त्याला पुढे वाढविले, शिकविले, बाजारात मानाचे पान मिळवून दिले, हे सर्व खरे. पण त्याचा जन्म व्हावा असे त्यांपैकी कोणाला वाटत नव्हते. तो जन्मला तो काही हौशी माणसांच्या पोटी. हातात डाख देण्याची सळई, टेबलावर सुट्या भागांचा पसारा आणि घरच्या मंडळींची बोलणी ऐकून घेण्याची तयारी, एवढेच ज्यांचे भांडवल होते, अशा माणसांची ही हकीकत आहे. 'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो. या हौसेतून पुढे अब्जावधी डॉलरांचा व्यापार निघाला आणि त्याबरोबर एक प्रश्नही निघाला, जो अद्याप सुटलेला नाही. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

प्रथम ही हौस येण्यापूर्वीची परिस्थिती पाहू. विसाव्या शतकाच्या मध्याला संगणक म्हणजे एक खोलीभर यंत्र असे. आपल्या मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांच्या एका लहानशा गटाने असा एक संगणक स्वतः बांधला. १९६० साली तो काम करू लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. ते काम अभिमानास्पद होते. पण ते संस्थेचे काम होते. सामान्य माणसाने असे यंत्र आपल्या घरी आणावे ही कल्पना त्या काळी अमेरिकेतही हास्यास्पद ठरली असती. संगणक असे तो सरकारचा, विद्यापीठाचा, नाहीतर विमा कंपनीचा; आणि ज्याला त्याच्याकडून काही करून घ्यावयाचे असेल त्याने आपली छिद्रांकित पत्रे खिडकीतून आत द्यावीत व दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन जावे, असा रिवाज होता. देवळात गाभाऱ्यापाशी जसा भक्त उभा राहतो, तसा गणिताचा प्राध्यापक त्या खिडकीपाशी उभा राही.

ही स्थिती पालटण्याचे तांत्रिक कारण घडले ते १९७१ च्या नोव्हेंबरात. एका जपानी कंपनीच्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी म्हणून इंटेल या अमेरिकन कंपनीने '४००४' नावाची एक चिप बनविली. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर बसवून संगणकाचे सारे गणिती अंग तीत सामावले होते. १९७४ साली तिचीच सुधारलेली वंशज, '८०८०' ही चिप आली. किरकोळीत तिची किंमत ३६० डॉलर होती. म्हणजे संगणकाचा मेंदू आता बाजारात विकत मिळू लागला. पण मेंदूला धड जोडावयाचे कोणी? मोठ्या कंपन्यांना त्यात व्यापार दिसेना. 'घरी संगणक घेऊन लोक करणार काय?' असे त्या विचारीत. आणि खरे सांगावयाचे तर या प्रश्नाला त्या वेळी कोणापाशीही समर्पक उत्तर नव्हते.

उत्तर दिले ते न्यू मेक्सिको संस्थानातील आल्बुकर्की गावच्या एड रॉबर्ट्स या गृहस्थाने, आणि तेही अडचणीत सापडल्यामुळे. त्यांची 'मिट्स' ही छोटी कंपनी आकडेमोडीची यंत्रे सुट्या भागांच्या रूपात विकत असे. मोठ्या कारखान्यांनी त्या यंत्रांचे भाव पाडले आणि रॉबर्ट्स कर्जात बुडाले. बुडता माणूस धाडस करतो. त्यांनी इंटेलकडून ८०८० चिप घाऊक भावाने ७५ डॉलरांना मिळविली आणि तिच्याभोवती 'आल्टेअर ८८००' नावाचा संगणक रचला. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या हौशी मंडळींच्या मासिकाने १९७५ च्या जानेवारी अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापले. त्यातली मौज अशी, की न्यूयॉर्कला पाठविलेला एकुलता एक नमुना वाटेतच गहाळ झाला होता. चित्रात दिसत होती ती नुसती रिकामी पेटी! सुट्या भागांची किंमत होती ३९७ डॉलर. ज्याला एकटी चिपच किरकोळीत ३६० डॉलरांना पडली असती, त्याला हा व्यवहार फुकटासारखाच वाटला. रॉबर्ट्सना काही शे मागण्यांची अपेक्षा होती. आल्या त्या हजारोंनी.

आणि हाती काय पडे? एक पत्र्याची पेटी, सुट्या भागांच्या पिशव्या आणि सूचनांची पाने. शेकडो ठिकाणी डाख द्यावयाचे. सगळे जमून आले तरी त्या यंत्राला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढच्या बाजूस खटक्यांची आणि लाल दिव्यांची रांग होती. एकेक खटका वरखाली करून एकेक आज्ञा आत घालावयाची, आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून वाचावयाचे. स्मृती केवळ २५६ अक्षरांची. रोमन लिपीतल्या चार-पाच ओळींत ती भरून जाई. वीज गेली की सारे पुसले. व्यवहारदृष्ट्या या यंत्राचा कवडीचाही उपयोग नव्हता. तरीही माणसे त्याच्यासाठी वेडी झाली, कारण ते यंत्र त्यांचे स्वतःचे होते आणि त्याच्या आत काय आहे हे त्यांना ठाऊक होते. खिडकीपाशी ताटकळणारा माणूस गाभाऱ्यात शिरला होता.

अशी हौस एकट्याने भागत नाही. तिला मेळा लागतो. १९७५ च्या ५ मार्चला, पावसाळी संध्याकाळी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारखान्यात बत्तीस माणसे जमली. फ्रेड मूर आणि फ्रेंच यांनी बोलावलेली ही सभा पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' या नावाने प्रसिद्धीस आली. गर्दी वाढली तशी सभा स्टॅनफर्डच्या एका संशोधनकेंद्राच्या सभागृहात भरू लागली आणि ली फेल्सेन्स्टाइन तिचे सूत्रचालन करू लागले. सभेची पद्धत साधी होती. ज्याने जे नवे केले असेल ते त्याने उभे राहून सांगावे, आराखडा दाखवावा, ज्याला हवा त्याने तो उतरून घ्यावा, ज्याचे अडले असेल त्याने विचारावे. आपल्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ही सभा भरली. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही, पण मागची श्रद्धा एकच दिसते : ज्ञान चार लोकांत बोलून दाखविले म्हणजे ते वाढते.

त्या सभेतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. स्टीव्ह डॉम्पिअर नावाच्या सभासदाने आपले आल्टेअर जोडले आणि त्याच्या शेजारी रेडिओ लावला. यंत्र चालू होताच रेडिओत खरखर होऊ लागली. दुसरा असता तर त्याने रेडिओ बंद केला असता. डॉम्पिअर विचार करू लागला, की यंत्राच्या आतल्या विजेच्या हालचालींची ही खरखर आहे, तर हालचाली आपल्या मनाप्रमाणे केल्यास खरखरही आपल्या मनाप्रमाणे व्हावी. त्याने प्रत्येक आज्ञेचा सूर शोधून काढला. १९७५ च्या एप्रिलमधील सभेत त्याने जमिनीवर बसून कितीतरी वेळ खटके वरखाली केले आणि शेवटी त्या मुक्या यंत्राने शेजारच्या रेडिओतून बीटल्सचे एक गाणे वाजवून दाखविले. सभागृह उठून उभे राहिले. ज्या यंत्राला बोलण्याचे साधनच निर्मात्याने दिले नव्हते, ते यंत्र एका हौशी माणसाने बोलते केले. सारी खटपट ज्या आनंदासाठी चालते तो आनंद हा.

याच सभेत मागच्या रांगेत बसणारा स्टीव्ह वॉझ्निअॅक हा एक बुजरा तरुण होता. त्याला ८०८० परवडण्यासारखी नव्हती. पण १९७५ च्या सप्टेंबरात '६५०२' नावाची चिप अवघ्या २५ डॉलरांना विकावयास आली आणि त्याने तिच्याभोवती आपला संगणक बेतला. त्याला खटके आणि दिवे नव्हते. कळफलक होता आणि चित्रवाणीच्या संचावर अक्षरे उमटत. आराखड्याच्या प्रती तो सभेत फुकट वाटी. ज्या कंपनीत तो नोकरीस होता त्या ह्यूलेट-पॅकर्डला त्याने ही रचना देऊ केली. तिने ती नाकारली. तेव्हा त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स म्हणाला, की आपणच विकू. भांडवल उभे करण्यासाठी वॉझ्निअॅकने आपले मोलाचे गणकयंत्र विकले आणि जॉब्सने आपली गाडी. १९७६ साली 'अॅपल १' हा संगणक ६६६ डॉलर ६६ सेंट या भावाने विक्रीस आला. सुमारे दोनशेच नग तयार झाले. १९७७ च्या 'अॅपल २' ने मात्र कंपनीचे नशीब काढले. त्या यंत्राचे झाकण हाताने सहज निघे, आत नवी पाने बसविण्यासाठी आठ खाचा होत्या, आणि सोबतच्या पुस्तकात यंत्राचा आराखडाही छापून मिळे. बेळगावास सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, हे आपल्याला ठाऊक आहे. खटपटीतून कारखाना निघतो हा अनुभव असा सार्वदेशिक आहे.

येथवरची कथा गोड आहे. आता तिच्यात वाद शिरतो. आल्टेअरसाठी बेसिक भाषेचा अर्थ लावणारा कार्यक्रम बिल गेट्स, पॉल अॅलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी लिहिला होता. तो कागदी फितीवर मिळे. हौशी मंडळींनी आराखड्यांप्रमाणे ती फितही उतरून घेऊन आपसात वाटली. तेव्हा १९७६ च्या फेब्रुवारीत गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की यंत्राचे पैसे तुम्ही देता आणि कार्यक्रम मात्र फुकट घेता. आल्टेअर बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीही आमचा कार्यक्रम विकत घेतलेला नाही. मग चांगले काम करावयाचे कोणी आणि कशाच्या बळावर? पत्र झोंबणारे होते आणि मंडळी संतापली. परंतु शांतपणे पाहिले तर दोन्ही पक्षांत तथ्य होते. कारागिराला मोल मिळाले पाहिजे हे खरे. आणि ज्या सभेच्या वाटून घेण्याच्या रीतीमुळे त्या कार्यक्रमाला गिऱ्हाईकच निर्माण झाले, ती रीत चोरांची नव्हती हेही खरे. त्याच सुमारास काहींनी 'टायनी बेसिक' नावाचे छोटे कार्यक्रम लिहून ते मासिकांतून सर्वांसाठी छापले. भांडणाला हे उत्तर मला अधिक शोभिवंत वाटते.

पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी बलाढ्य आय.बी.एम. कंपनीने आपला घरगुती व कचेरीचा संगणक काढला. घाई असल्यामुळे तिने तो बहुतेक बाजारात मिळणाऱ्या भागांतूनच जोडला, आत पाच खाचा ठेवल्या आणि तांत्रिक पुस्तकात आराखडे छापले. परिणाम कंपनीला नको तो झाला, पण जगाच्या हिताचा झाला. १९८२ सालीच कॉम्पॅक या नव्या कंपनीने तसाच चालणारा संगणक जाहीर केला. यंत्राच्या मुळाशी असलेल्या कायम आज्ञावलीवर आय.बी.एम.चा हक्क होता, म्हणून ती न उतरविता, ती काय काम करते एवढेच पाहून कॉम्पॅकने दुसरी लिहिली. मग अशा जुळ्यांचा पूर लोटला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, नव्वदीच्या दशकात एका दुकानातून पेटी, दुसऱ्यातून मदरबोर्ड, तिसऱ्यातून स्मृतीच्या पट्ट्या घेऊन संगणक 'असेंबल' करून घेणारी जी गर्दी दिसे, ती याच घटनेचे लांबवर पोचलेले फळ होय. कंपनीचे नाव असलेले यंत्र ज्यांना परवडत नव्हते, अशा कितीतरी मध्यमवर्गीय घरांत संगणक आला तो या वाटेने. आराखडा उघडा होता म्हणून तो आला, हे आपण विसरता कामा नये.

आता उलट दिशेचा प्रवाह पाहा. १९८४ च्या जानेवारीत अॅपलनेच 'मॅकिन्टॉश' काढला. यंत्र सुरेख होते, चालविण्यास सोपे होते. पण त्याला जादा पाने बसविण्याच्या खाचा नव्हत्या आणि पेटी अशा स्क्रूंनी मिटलेली होती, की सामान्य पेचकस तेथे चालू नये. गंमत अशी, की ज्यांनी ते यंत्र घडविले त्यांच्या सह्या पेटीच्या आतल्या बाजूस कोरलेल्या होत्या. कलावंतांनी स्वाक्षऱ्या केल्या, पण चित्र भिंतीकडे तोंड करून टांगले! हौशी मंडळी अर्थातच थांबली नाहीत. यंत्राची स्मृती अपुरी पडते असे दिसताच त्यांनी लांब दांड्याचा पेचकस पैदा केला, आतल्या सोळा स्मृतिचिपांचे डाख वितळवून त्यांच्या जागी चौपट क्षमतेच्या सोळा बसविल्या, आणि हा उपाय १९८५ साली 'डॉ. डॉब्ज जर्नल' या मासिकातून सर्वांना सांगितला.

या खटपटीचे आणखी एक रूप नव्वदीच्या दशकात बहरले : चिप तिच्या ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक धावावयास लावणे. १९९८ साली इंटेलने 'सेलेरॉन ३००-ए' नावाची स्वस्तातली चिप काढली. तिचा वेग ठरतो तो असा : मदरबोर्ड सेकंदाला सुमारे साडेसहासष्ट दशलक्ष ठोके देतो आणि चिप त्यांची साडेचारपट करते, म्हणजे ३०० होतात. हौशी माणसाने मदरबोर्डाचे ठोके १०० केले, की तीच चिप ४५० वर धावू लागे, आणि बहुतेक नग तो वेग निमूटपणे सोशीत. स्वस्त चिप महागड्या चिपेच्या पंक्तीस बसली. मात्र वेगाबरोबर उष्णता वाढते. म्हणून मोठे पंखे आले, पाण्याच्या नळ्या आल्या, आणि कित्येकांच्या चिपा जळूनही गेल्या. हौसेचा हा भाग निव्वळ चुरशीचा आहे असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. तथापि ज्याने चिप जाळली त्याला उष्णता म्हणजे काय हे समजले, आणि ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकातून इतके पक्के समजले नसते.

इंग्लंडची हकीकत या संदर्भात फार बोधप्रद आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८१ साली 'झेड-एक्स ८१' हा संगणक सुट्या भागांत ४९ पौंड ९५ पेन्सना विकला. त्याची स्मृती वाढविण्याची डबी मागे जोडली, की ती हले आणि तासाभराचे काम पुसून जाई. पोरे ती चिकटमातीने घट्ट बसवीत. त्याच वर्षअखेरीस केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा 'बी.बी.सी. मायक्रो' हा संगणक आला आणि शाळाशाळांतून पोचला. त्याला बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी मुद्दाम सोय ठेवलेली होती. याच एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बेतलेली 'आर्म' नावाची चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये प्रथम चालली. आज आपल्या खिशातल्या दूरध्वनीत जी चिप धडधडते ती तिचीच वंशज आहे. पण पुढे शाळांतील संगणक बंद पेटीचे झाले. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येऊ इच्छिणारे विद्यार्थी संख्येने घटले आणि जे येत त्यांना यंत्राशी झटापट केल्याचा अनुभव कमी असे, हे एबेन अप्टन यांच्या ध्यानात आले. त्यावर उपाय म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक विक्रीस आला. किंमत होती ३५ डॉलर. बी.बी.सी. मायक्रोची आठवण म्हणून त्याच्याही प्रकारांना 'ए' आणि 'बी' अशीच नावे ठेवली. त्याला पेटीच नव्हती. एका कडेला टाचण्यांची उघडी रांग होती, तीत दिवा जोडावा, मोटर जोडावी, तापमान मोजावे. पहिल्या दहा वर्षांत असे चार कोटींहून अधिक संगणक विकले गेले. एका देशाने झाकण मिटल्याचे परिणाम भोगले आणि मग मुद्दाम झाकण नसलेले यंत्र बनविले, असा याचा अर्थ आहे.

आता मी आरंभी म्हटलेल्या प्रश्नाकडे येतो. विकत घेतलेल्या यंत्राचा मालक कोण? आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत स्मृतीच्या चिपा मदरबोर्डावरच डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात. कुठे घटसंच डिंकाने चिकटविलेला असतो. एक भाग निकामी झाला की सबंध यंत्र टाकावे लागते. निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पक्क्या बसविलेल्या चिपेला जागा कमी लागते, वीज कमी लागते, ती वेगाने चालते. आणि बहुसंख्य गिऱ्हाइकांना झाकण उघडण्याची इच्छाच नसते. हे सर्व मान्य. परंतु ज्याला उघडावयाचे नाही त्याची सोय व्हावी म्हणून ज्याला उघडावयाचे आहे त्याचा हक्कच नाहीसा करावा, हे न्यायाचे नव्हे. पेटी वाजविणाऱ्या प्रत्येकाला सूर लावता येत नाहीत. म्हणून कोणी हार्मोनियम खिळे ठोकून बंद करीत नाही. वाजविणारा वाजवितो, आणि गावात एखादा सूर लावणारा असतो, त्याच्यावर सगळ्यांचे संगीत चालते.

ही जाणीव आता कायद्यापर्यंत पोचू लागली आहे. २०२२ साली आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. २०२४ साली युरोपीय संघाने त्या हक्काविषयी निर्देश संमत केला. कायदा झाकण उघडण्याची मुभा देईल. पण आत हात घालणारा माणूस तो निर्माण करू शकणार नाही. तो घरात आणि शाळेत घडतो. म्हणून आपणा पालकांना आणि शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की घरातला जुना संगणक भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी तो वीज तोडून एकदा मुलांच्या हवाली करावा. चित्रवाणीचे जुने जाड संच आणि विजेचे पुरवठा-खोके मात्र त्यांतून वगळावेत, कारण त्यांत बंद केल्यावरही विजेचा साठा राहतो. बाकी सारे त्यांना उघडू द्यावे. काही स्क्रू हरवतील, काही भाग पुन्हा बसणार नाहीत. पण आत जादू नाही, कोणीतरी विचार करून केलेले काम आहे, आणि जे एकाने केले ते दुसऱ्याला समजू शकते, एवढे जरी मुलाच्या ध्यानात आले, तरी त्या भंगाराचे मोल पुरेपूर वसूल झाले असे समजावे.

एड रॉबर्ट्स यांनी १९७७ साली आपली कंपनी विकली, पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि जॉर्जिया संस्थानातील एका लहान गावात डॉक्टर म्हणून ते २०१० साली मृत्यू येईपर्यंत राहिले. त्यांनी काढलेला संगणक आज कोणी वापरीत नाही. पण यंत्र विकत घेणाराने ते स्वतः जोडावे, स्वतः उघडावे आणि आपल्याला हवे तसे वळवावे, हा जो अधिकार त्यांनी ३९७ डॉलरांत लोकांच्या हाती दिला, तो जपणे हे आता आपले काम आहे.